चार्ली झेराफाचं पळणं

चार्ली झेराफाला मी शोधून काढलं. हे आधीच सांगते, कारण त्या सगळ्या प्रकरणात लोक हेमिशचं नाव घेतात आणि माझं कुणी घेत नाही.

पंच्याण्णव साल होतं. मेलबर्नमध्ये आम्ही 'साडेसहा' नावाची विनोदी मालिका करत होतो. संध्याकाळी साडेसहाला सगळ्या चॅनेलांवर चालू घडामोडींचे कार्यक्रम लागायचे, त्यांचीच आम्ही टर उडवायचो. मालिकेतली न्यूजरूम खोटी होती, पण तिच्यातली प्रत्येक लबाडी कुठे ना कुठे खरी घडलेली असायची. मुलगा गेलेल्या आईला "तेच पुन्हा बोला, पण या वेळी खिडकीकडे बघून" असं सांगणारा बातमीदार आम्ही दाखवला होता, तो खरा होता. अशा गोष्टी गोळा करणं हे माझं काम. चॅनेलांतून हाकललेली किंवा अजून तिथेच कुढत बसलेली माणसं मला भेटायची, पिशवीतून जुन्या टेपा आणून द्यायची, आणि मी त्या हेमिशच्या टेबलावर नेऊन ठेवायची. मांजर उंदीर आणून ठेवतं तशी.

हेमिश डॉरेल मालिका लिहायचा, दिग्दर्शित करायचा आणि तिच्यातल्या बावळट निवेदकाचं कामही तोच करायचा. उंच, देखणा, कुणाचाही आवाज काढण्यात पटाईत. तो तुमच्याशी बोलत असला की जगात तुमच्याइतकं महत्त्वाचं कुणी नाही असं वाटायचं. बोलणं संपलं की तो तुमचं नाव विसरायचा. मी त्याच्या हाताखाली दोन वर्षं होते आणि मला लेखक व्हायचं होतं. तो एकदा म्हणाला होता, "मेरिन, तुला कान आहे." त्या एका वाक्यावर मी रविवारीही कामाला जायची.

चौथा भाग पाठलागावर होता. फसवणूक करणाऱ्या दुकानदारामागे कॅमेरा घेऊन धावायचं, तो तोंड लपवणार, आपण ओरडून प्रश्न विचारायचे, हा त्या कार्यक्रमांचा नेहमीचा खेळ. हेमिश म्हणाला, "नट नको. नट पळताना छान दिसायचा प्रयत्न करतात. मला तो पस्टीत्सीवाला हवा."

कोण ते कुणाला विचारावं लागलं नाही. देशात सगळ्यांनी तो पाहिला होता. चार वर्षांपूर्वी 'जनतेचा पहारा' या कार्यक्रमाने एका म्हाताऱ्या बाईच्या घरी छुपा कॅमेरा लावला, तिच्या वॉशिंग मशीनची एक वायर मुद्दाम सैल केली आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दुरुस्तीवाल्याने वायर तर बसवलीच, पण पंपही बदलला आणि त्याचेही पैसे घेतले. झालं. वेन लोमॅक्स नावाचा त्यांचा बातमीदार त्या माणसाची वाट बघत बेकरीबाहेर उभा राहिला. माणूस बाहेर आला, हातात गरम पस्टीत्सींचा, म्हणजे चीज भरलेल्या माल्टी करंज्यांचा, खोका. लोमॅक्स ओरडला, "म्हाताऱ्यांना लुबाडताना लाज नाही वाटत?" माणसाने खोका तोंडासमोर धरला आणि तो पळाला. पुढचं दिसत नव्हतं म्हणून बागेच्या साखळीला अडकून पडला, पस्टीत्सी फूटपाथभर झाल्या, आणि एका कुत्र्याने येऊन त्यातली एक खाल्ली. ते कुत्रं नसतं तर लोक महिन्याभरात विसरले असते. कुत्र्यामुळे ती टेप वर्षअखेरच्या गमतीजमतींत दर डिसेंबरला लागायची.

त्याचं नाव कार्मनू झेराफा. माल्टाहून विशीत आलेला, इकडे सगळे चार्ली म्हणायचे. सनशाइन भागात त्याचं घर होतं. मी गेले तेव्हा पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. त्याची बायको डोलोरेस, बुटकी, काळे कपडे, दारातच उभी राहिली.

"टीव्हीवाली?"

"हो, पण त्यातली नाही. आम्ही त्यांची चेष्टा करतो."

"चेष्टा तर त्यांनीही केली," ती म्हणाली, पण आतून चार्लीने हाक मारली, "येऊ दे गं, थंडीत उभं नको करूस पोरीला."

साठीला आलेला, जाड हातांचा माणूस. दुरुस्तीचं दुकान कधीच बंद झालं होतं. पहिल्या आठवड्यातच काचेवर कुणीतरी 'पळ चार्ली' असं रंगवलं, आणि नंतर फोनच वाजेनासा झाला. आता तो बिस्किटांच्या कारखान्यात खोके बांधायचा. तिथेही पोरं त्याच्यासमोर खोका तोंडाला लावून पळून दाखवायची. हे त्याने मला हसत हसत सांगितलं. मग उठून परसातल्या शेडमधून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. आत तो जुना पंप होता.

"हे बघ. इथे चीर आहे. दिसली? बोट फिरव. आज ना उद्या सगळं पाणी त्या बाईच्या स्वयंपाकघरात आलं असतं. मी तिला सांगितलं, बाई, वायर बसवली, पण हा पंप टिकायचा नाही. ती म्हणाली बदला. टीव्हीवर तेवढंच दाखवलं नाही."

मी बोट फिरवलं. चीर होती. खरीच होती.

"हे तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"कुणाला? ते प्रश्न विचारत होते, उत्तर घ्यायला कुणी थांबलं नव्हतं. आणि मी पळालो ना. पळालो तिथेच चुकलो. पळणारा माणूस चोरच दिसतो."

"मग पळालात कशाला?"

तो लाजला. "भ्यालो, पोरी. दोन माणसं अंगावर धावून आली, ओरडत. तू नसतीस पळाली?"

मग त्याने तो प्रश्न विचारला. "तुमच्या कार्यक्रमात हे दाखवाल? चिरेचं?"

मी म्हणाले, "आम्ही तुमच्या बाजूचे आहोत, मिस्टर झेराफा."

मी 'हो' म्हणाले नव्हते. नंतर कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. पण डोलोरेसने ते बरोबर ओळखलं होतं. ती कपबशा उचलताना नवऱ्याला म्हणाली, "तिने हो म्हटलं नाहीये, कार्म."

"तू गप गं," तो म्हणाला. "चार वर्षांत कुणी विचारायला तरी आलंय का?"

मी ऑफिसात येऊन हेमिशला सगळं सांगितलं. पंप, चीर, बिस्किटांचा कारखाना. त्याने डोळे मिटून ऐकलं. वाटलं, हलला. मग तो म्हणाला, "सुंदर. पण चीर नको."

"का? तीच तर गोष्ट आहे. माणूस निर्दोष आहे."

"म्हणूनच नको. आपली न्यूजरूम एका निर्दोष माणसाला छळते हे दाखवलं तर बघणाऱ्याच्या घशात घास अडकेल. हसणार कोण? दुरुस्तीवाला पण चोर आणि पत्रकार पण चोर, मग मजा. निर्दोष माणूस विनोदी नसतो, मेरिन."

"त्याला तसं सांगू या तरी."

"सांगू ना. तू आणलंस, तूच सांग."

मी सांगितलं नाही. चित्रीकरणाला आठ दिवस होते. रोज फोनपर्यंत जायची. एकदा उचललाही, तर त्याची मुलगी मार्थीज बोलली. ती म्हणाली, "बाबांनी सूट ड्रायक्लीनला टाकलाय. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा." मी म्हणाले, छान, आणि वेळ सांगून फोन ठेवला.

तो खरोखरच सूट घालून आला, टाय लावून, पंपाची पिशवी काखेत. गुरुवारची सकाळ होती, आम्ही एका गल्लीत बेकरीचं दुकान उभं केलं होतं. त्याने मला बघून हात केला. "कुठे बसायचं? मुलाखत आत घेणार की बाहेर?"

हेमिश पुढे आला, त्याने दोन्ही हातांत त्याचा हात घेतला. "चार्ली! मित्रा, तुझ्यासारखं कुणी नाही. ऐक, मुलाखती सगळेच घेतात. आम्हाला काहीतरी मोठं करायचंय. जे तुझ्यावर गुदरलं ते तूच करून दाखवायचं. लोकांना कळू दे काय वाटतं ते."

"म्हणजे पळायचं?"

"एकदाच."

चार्लीने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदांत पाहिलं.

"आणि हे?" त्याने पिशवी पुढे केली.

"मेरिन, हे नीट सांभाळून ठेव हं," हेमिश म्हणाला. मी पिशवी घेतली आणि नटांच्या कपड्यांच्या गाडीत नेऊन ठेवली.

त्याला कामगारांची निळी डांगरी घालायला दिली, हातात खोका दिला. पहिल्यांदा तो पळाला तेव्हा फारच जोरात पळाला, कॅमेऱ्याच्या बाहेर निघून गेला. सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्यांदा खोका खाली धरला गेला. तिसऱ्यांदा नीट झालं, पण पडणं खोटं वाटलं.

"चार्ली, तेव्हा कसा पडलास आठव," हेमिश ओरडला. "तू आत्ता बसतोयस, पडत नाहीयेस."

"गुडघा धड नाही माझा."

"अरे, मग उत्तमच की!"

लाइटवाले, केबलवाले, सगळे खिदळत होते. ती माणसं वाईट नव्हती. टेपमधला माणूस समोर जिवंत, धापा टाकत उभा होता, एवढीच त्यांना गंमत होती. एक जण म्हणाला, "चार्ली, कुत्रा आणू का?" आणि कुत्रा खरंच आणलेला होता, भाड्याचा, शिकवलेला. प्रत्येक वेळी तो नेमकी एक पस्टीत्सी उचलायचा. पाचव्या वेळेनंतर चार्लीने विचारलं, "माझं बोलणं कधी घेणार?"

"चित्रच बोलतं, चार्ली. अजून एकदा."

सातव्या वेळी तो खराच पडला. साखळीत पाय अडकला, तोंडावर गेला, हनुवटी फुटली. खोका उडाला, कुत्रा धावला, आणि चार्ली दोन्ही हात जमिनीवर टेकून तसाच राहिला, रक्ताचे थेंब पस्टीत्सीवर पडताहेत हे बघत. कुणी हसलं नाही. हेमिशही हसला नाही. तो हळूच म्हणाला, "कट. हेच ते." आणि मग टाळ्या पडल्या.

चार्लीने मान वर केली. टाळ्या ऐकून त्याचा चेहरा उजळला. हे मी स्वतः पाहिलं. त्याला वाटलं, आता कळलं यांना.

मी त्याला गाडीने घरी सोडलं. वाटेत हनुवटीला रुमाल लावून तो म्हणाला, "सोमवारी ये आमच्याकडे बघायला. सगळ्यांना बोलावतोय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"शेजारी, चर्चचे फादर, मार्थीजचे सासू-सासरे. ते लग्नाला आले तेव्हा माझ्याशी धड बोलले नव्हते. आता बोलतील."

तेव्हा तरी सांगायचं. गाडीत आम्ही दोघंच होतो, अर्धा तास. मी म्हणाले, "येईन."

सोमवारी संध्याकाळी मी केक घेऊन गेले. पुढच्या खोलीचे पडदे उघडले होते. पंधरा-सोळा माणसं, खुर्च्या चर्चच्या हॉलमधून आणलेल्या, टेबलावर ताटंच्या ताटं. चार्ली सूटमध्ये, हनुवटीवर पट्टी. त्याने माझी ओळख करून दिली, "ही मेरिन. हिच्यामुळे." मार्थीजच्या सासूबाईंनी माझा गालगुच्चाच घेतला.

भाग सुरू झाला. पहिली दहा मिनिटं हेमिशचा निवेदक केस सारखे करत होता आणि सगळे पोट धरून हसत होते. मग चार्ली आला. खोलीत एकच ओरडा झाला, "आला, आला!" तो पळाला, पडला. सगळे थोडे हसले, मग त्याच्याकडे बघून थांबले. "थांबा, थांबा," तो म्हणाला, "आता येईल."

आता आलं ते असं. मालिकेतले पत्रकार निघून जातात, दुरुस्तीवाला उठतो, इकडेतिकडे बघतो, आपल्या व्हॅनचं मागचं दार उघडतो. आत पंप, मोटारी, म्हाताऱ्यांच्या घरून काढून आणलेले चांगले भाग छतापर्यंत रचलेले. ते हात चार्लीचे नव्हते, नटाचे होते, पण डांगरी तीच. मग व्हॅन निघते आणि तिच्यामागे कुत्रं पळतं. संपलं.

टीव्हीवर पुढची जाहिरात लागली. कुणी आवाज कमी केला नाही. सासरे उठून कोट शोधू लागले. फादर म्हणाले, "विनोदी कार्यक्रम आहे, शेवटी विनोदच तो," आणि ते ऐकून आणखी दोघं उठले.

चार्ली पडद्याकडेच बघत होता. "चीर राहिली," तो म्हणाला. "बहुतेक वेळ कमी पडला. हो ना, पोरी? पुढच्या भागात घेणार असतील."

मार्थीज माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पोटुशी होती, सातवा महिना असेल. "तुला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून."

डोलोरेसने टेबलावरून माझा केक उचलला, अजून कापलाही नव्हता, तो माझ्या हातात दिला आणि दार उघडलं. कुणावर ओरडायचं असतं तर ते तिने आधीच, पहिल्या दिवशी, केलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं की असा धाडसी भाग या देशात झाला नव्हता. माध्यमांच्या क्रौर्यावर कोरडे ओढले, असं एकाने लिहिलं. त्या भागाला पुढे बक्षीसही मिळालं. हेमिशने भाषणात चार्लीचे आभार मानले, फक्त नाव चुकवलं.

पण त्याआधी, भाग लागून पंधरा दिवसही झाले नसतील, 'जनतेचा पहारा'ने डाव उलटवला. आम्ही त्यांच्यावर हसलो होतो, तर त्यांनी बातमी केली: फसवणारा दुरुस्तीवाला आता टीव्हीचा हिरो. दोन्ही पडणी शेजारी शेजारी दाखवली. आणि वेन लोमॅक्स, तोच, पुन्हा सनशाइनला गेला. प्रसारित झालेल्या बातमीत चार्ली आपल्या घराच्या फाटकातून निघून लंगडत पळताना दिसत होता. "चार वर्षांनीही उत्तर नाही!" असा वर लोमॅक्सचा आवाज.

त्या दिवसाची न कापलेली टेप त्यांच्याच कॅमेरामनने मला आणून दिली. तो म्हणाला, "मला घरात ठेववत नाही." मी ती ऑफिसात एकटीने पाहिली.

चार्ली पत्रपेटीजवळ नळी धरून झाडांना पाणी घालतोय. लोमॅक्स ओरडत येतो. चार्ली दचकतो, पण पळत नाही. नळी बंद करतो, हात पुसतो, आणि म्हणतो, "बरं झालं आलात. पंपाला चीर होती. थांबा, मी..." मग त्याला आठवतं. पंप त्याच्याकडे नव्हता. आमच्या कपड्यांच्या गाडीतून तो कुठे गेला, मला आजही माहीत नाही.

लोमॅक्स मागे वळून कॅमेरामनला म्हणतो, "हे काही कामाचं नाही." मग चार्लीकडे वळून, आवाज उतरवून, अगदी प्रेमाने, "चार्ली, असं कर ना. जरा पळ. फाटकापासून. दोन मिनिटांचं काम आहे, मग आम्ही जातो."

घराच्या खिडकीत डोलोरेस उभी आहे. चार्ली तिच्याकडे बघतो, मग रस्त्याकडे बघतो.

"कुठपर्यंत?" तो विचारतो.

चिडून नाही. काम समजून घेणाऱ्या माणसासारखं. लोमॅक्स दिव्याचा खांब दाखवतो, आणि चार्ली पळतो.

मी ती टेप तीनदा पाहिली. ती जाळून टाकायला हवी होती, किंवा कुण्या प्रामाणिक माणसाकडे न्यायला हवी होती. शहरात एखादा तरी असेलच. मी ती हेमिशच्या टेबलावर ठेवली.

तो बघताना हसला नाही, नुसता मान हलवत राहिला. "कुठपर्यंत," तो पुटपुटला. "देवा. कुठपर्यंत!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू लिही हा भाग."

मी लिहिला. चार दिवसांत लिहिला, आणि खोटं का सांगू, लिहिताना माझे हात शिवशिवत होते. दुसऱ्या पर्वात आमची न्यूजरूम ज्याच्या त्याच्या मागे लागते आणि प्रत्येक जण, मंत्री असो की पाद्री, थांबून नम्रपणे विचारतो, "कुठपर्यंत?" लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. शाळेत पोरं म्हणायची, संसदेत एक खासदार म्हणाला, टी-शर्ट निघाले. पहिल्यांदाच पडद्यावर लेखक म्हणून माझं नाव आलं. पुढची वीस वर्षं मी त्या नावावर काम केलं.

झेराफांनी त्याच सुमाराला घर विकलं आणि ते मिल्डुराला, डोलोरेसच्या भावाच्या द्राक्षमळ्यावर राहायला गेले. मार्थीजचं मूल सासरीच राहिलं, ती मात्र फार दिवस तिथे राहिली नाही, आईवडिलांकडे मिल्डुराला गेली. हे मला तिनेच सांगितलं. दीडेक वर्षाने एकदा तिचा ऑफिसात फोन आला. मला वाटलं शिव्या देईल. तिचा आवाज अगदी साधा होता.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "बाबा दुकानात गेले की इथले लोक त्यांना 'कुठपर्यंत, चार्ली?' असं म्हणतात आणि हसतात. हे तुमच्या कार्यक्रमातलं आहे का?"

"हो."

"आम्ही टीव्ही ठेवत नाही ना घरी, म्हणून विचारलं. त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, आपण इथे नवे, म्हणून लोक चौकशी करतात."

"मग ते काय म्हणतात?"

"सांगतात," ती म्हणाली. "पोस्टापर्यंत. नाहीतर नदीपर्यंत. गुडघा दुखला तर पुलापर्यंतच. जिथे जात असतील ते सांगतात."